आम्लाची राखण : गर्भाशयमुखाचा कर्करोग, विषाणू आणि स्त्रीदेहातील जीवाणू

या विषयावर महाविद्यालयाच्या वार्षिकांकात लिहावे किंवा नाही, याबद्दल आमच्या प्राध्यापक-कक्षात दोन तट पडले होते. ‘अंक घरोघरी जातो, आई-वडील वाचतात,’ असे एका बाजूचे म्हणणे. ‘म्हणूनच लिहावे,’ असे दुसरीचे. मी दुसऱ्या बाजूची. मी गृहअर्थशास्त्र शिकवते. वैद्यकाची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु ज्या रोगाने आपल्या देशात 2022 या एका वर्षात सुमारे 1 लाख 27 हजार स्त्रियांना गाठले आणि सुमारे 80 हजार स्त्रियांचा बळी घेतला, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेचा अंदाज आहे, त्या रोगाविषयी चार गोष्टी वाचून, समजून घेऊन आपल्या विद्यार्थिनींना सांगायला पदवीच हवी असे मला वाटत नाही. शिवाय या रोगाच्या अभ्यासात अलीकडे जे नवे दालन उघडले आहे, ते थेट आमच्या स्वयंपाकघराच्या शास्त्राशी नाते सांगणारे आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

गर्भाशयाचे खालचे टोक जेथे योनिमार्गात उघडते त्या भागाला गर्भाशयमुख म्हणतात. येथील कर्करोगाचे कोडे फार जुने. इटलीतील व्हेरोना शहरात रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने तेथील मृत्यूच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि 1842 साली असे दाखवून दिले, की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत अधिक आणि मठातील जोगिणींत अगदी विरळा आढळतो. या एका निरीक्षणाने शास्त्राला दिशा दिली हे खरे. पण त्यातूनच पुढे बाईच्या वागणुकीकडे बोट दाखविण्याची खोडही लोकांना लागली. रोगाचे नाव निघताच ‘तिचेच काहीतरी’ असा सूर आजही ऐकू येतो. विवाहानंतर, म्हणजे शरीरसंबंधातून, काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडे जाते एवढाच त्या नोंदींचा अर्थ होता. ते ‘काहीतरी’ काय, हे कळायला आणखी जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशय होता तो नागिणीच्या कुळातील हर्पीस या विषाणूवर. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना मात्र ते पटत नव्हते. साध्या चामखिळी ज्या विषाणूमुळे होतात त्याच्याच भाऊबंदांपैकी कोणीतरी यात असावा, असा त्यांचा आग्रह. 1983 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचा 16 क्रमांकाचा प्रकार शोधून काढला, पाठोपाठ 1984 साली 18 क्रमांकाचा. 2008 सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना मिळाला तो यासाठीच. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आता ठाऊक आहेत. त्यांपैकी डझनभरच धोक्याचे. आणि त्यांतही 16 व 18 हे दोघेच जगातील सुमारे 70 टक्के गर्भाशयमुख-कर्करोगांना कारणीभूत आहेत.

आता खरी गंमत येथून पुढे आहे. हा विषाणू काही दुर्मीळ नाही. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी त्याची लागण होतेच, आणि ते त्यांना कळतही नाही. ताप नाही, वेदना नाही. सूक्ष्म ओरखड्यांतून तो अस्तराच्या अगदी तळाच्या पेशींत शिरतो, रक्तात उतरत नाही, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांनाही त्याची चाहूल उशिरा लागते. तरीसुद्धा दहांपैकी नऊ जणींच्या शरीरातून तो साधारण दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. दहावीच्या शरीरात तो ठाण मांडतो. त्याची दोन प्रथिने आपल्या पेशींतील दोन लगाम निकामी करतात: एक लगाम बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारा, दुसरा पेशींचे बेसुमार विभाजन रोखणारा. मग पेशी बिघडत जातात आणि पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग उभा राहतो. एचआयव्हीची बाधा असलेल्या स्त्रीला हा धोका इतरांच्या सहापट.

तेव्हा शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न ‘विषाणू कोणाला लागतो?’ एवढाच राहिला नाही. ‘नऊजणींत जो टिकत नाही तो दहावीत का टिकतो?’ हा झाला. विषाणूचा प्रकार, प्रतिकारशक्ती, धूम्रपान, वय ही उत्तरे आधीपासून होती. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यांत आणखी एकाची भर पडली. ती म्हणजे त्या विषाणूचे शेजारी: योनिमार्गात कायम वस्ती करून राहिलेले जीवाणू.

आमच्या वर्गात मी दुग्धपदार्थांचा पाठ घेते तेव्हा एक प्रश्न हमखास विचारते. दोन पातेल्यांत दूध ठेवले, एकाला विरजण लावले, दुसरे तसेच सोडले. उन्हाळ्यात सकाळी पाहावे तर पहिल्याचे घट्ट दही लागलेले आणि दुसरे नासलेले. जंतू तर दोन्हींत वाढले, मग फरक कशाचा? फरक आम्लाचा. विरजणातील जंतूंनी दुधातील साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार केले आणि त्या आंबटपणात नासविणाऱ्या जंतूंना पाय रोवता आला नाही. आंबणे आणि नासणे हे दोन वेगळे शब्द आपल्या आज्यांनी काही उगाच ठेवले नाहीत.

निसर्गाने स्त्रीच्या देहात अगदी हीच व्यवस्था केलेली आहे. मुलगी वयात येते तेव्हा इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची पिष्टमय साखर साठू लागते. गळून पडणाऱ्या पेशींतून ती बाहेर येते, तिचे तुकडे होतात आणि लॅक्टोबॅसिलस कुळातील जीवाणू त्यांवर जगून लॅक्टिक आम्ल बनवितात. त्यामुळे तेथील सामू साडेतीन ते साडेचारच्या आसपास राहतो. जर्मनीतील लाइपझिग येथे आल्बर्ट ड्यॉडरलाइन या स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1892 सालीच हे जीवाणू पाहिले होते. बाळंतज्वराने बायका का दगावतात याचा शोध घेताना त्यांना हे राखणदार सापडले. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरते, ग्लायकोजेन आटते आणि राखणही सैल होते. माणसाखेरीज इतर सस्तन प्राण्यांत लॅक्टोबॅसिलसचे असे एकछत्री राज्य सहसा आढळत नाही, हीही एक नवलाची गोष्ट. आपली सर्वांत जवळची नातलग माकडेसुद्धा याला अपवाद नाहीत.

पूर्वी हे जीवाणू काचेच्या बशीत वाढवूनच ओळखावे लागत, आणि पुष्कळसे तर बशीत वाढतच नसत. नंतर त्यांच्या जनुकीय द्रव्यावरून ओळख पटविण्याची रीत आली. अमेरिकेत जाक राव्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली 396 निरोगी स्त्रियांच्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना पाच तऱ्हेच्या वस्त्या दिसल्या. चार वस्त्यांत लॅक्टोबॅसिलसच्या एकेका जातीचे प्राबल्य होते: क्रिस्पॅटस, गॅसेरी, इनर्स आणि जेन्सेनी. पाचवी वस्ती सरमिसळ होती. तिच्यात लॅक्टोबॅसिलस थोडे आणि ऑक्सिजनावाचून जगणारे गार्डनेरेला, प्रिव्होटेला यांसारखे नाना जीवाणू पुष्कळ. अशा सुमारे 27 टक्के स्त्रिया त्या पाहणीत निघाल्या, आणि त्यांचे प्रमाण सर्व वंशगटांत सारखे नव्हते. जंगलात, शेतात, आपल्या आतड्यातही विविधता हे आरोग्याचे लक्षण मानतात. येथे मात्र उलटे. एकाच जातीचे राज्य असलेले बरे आणि गर्दी जमली की कटकट. लोकशाहीचा धडा देणाऱ्या माझ्या राज्यशास्त्राच्या सहकाऱ्यांना हे फारसे रुचले नाही!

लॅक्टोबॅसिलसच्या सगळ्या जाती एकाच तोलाच्या नाहीत. क्रिस्पॅटस हा भरवशाचा राखणदार. लॅक्टिक आम्लाचे डावे-उजवे असे दोन अवतार आहेत. क्रिस्पॅटस दोन्ही बनवितो, इनर्सला त्यांतला एकच जमतो. इनर्स चंचलही आहे. परिस्थिती पालटली की तो परक्यांशी जमवून घेतो, आणि पेशींच्या आवरणाला भोके पाडणारे एक द्रव्यही तो तयार करतो. सरमिसळ वस्तीतील काही जीवाणू तर याहून पुढे जातात. गर्भाशयमुखावर चिकट श्लेष्म्याचा जो पडदा असतो तो ते आपल्या विकरांनी कुरतडतात. त्यांच्यामुळे सामू वाढतो, दुर्गंधी येते, अस्तरात दाह धुमसत राहतो. पडदा फाटलेला आणि पेशी सतत डिवचलेल्या, अशा जागी विषाणूला शिरायलाही सोपे आणि मुक्काम करायलाही सोपे.

हे नुसते तर्क नाहीत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 32 स्त्रियांनी सोळा आठवडे, आठवड्यातून दोनदा, स्वतःच आपले नमुने घेतले. ज्यांच्यात गॅसेरी जातीचे प्राबल्य होते त्यांच्यातून पॅपिलोमा विषाणू सर्वांत लवकर हटला. लॅक्टोबॅसिलस उणावलेल्या एका सरमिसळ वस्तीत तो रेंगाळला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांना 2015 साली असे आढळले, की गर्भाशयमुखावरील कर्करोगपूर्व विकृती जितकी तीव्र तितके सरमिसळ वस्तीचे प्रमाण अधिक. याच गटाने पुढे 87 तरुण स्त्रियांवर दोन वर्षे लक्ष ठेवले. त्यांच्यात मध्यम तीव्रतेची विकृती होती, पण लगेच शस्त्रक्रिया केली नव्हती. 2020 साली त्यांनी निष्कर्ष मांडला तो असा, की लॅक्टोबॅसिलसचे प्राबल्य असलेल्यांत ती विकृती आपोआप ओसरण्याचा संभव जास्त. दक्षिण आफ्रिकेतील दरबानजवळच्या तरुणींच्या पाहणीत तर एचआयव्हीची लागण होण्याचा धोकाही सरमिसळ वस्ती असलेल्यांत चौपटीहून अधिक दिसला. ही पाहणी 2017 सालची.

येथे मला थोडे थांबायचे आहे, कारण उत्साहाच्या भरात नको ते निष्कर्ष काढले जातात. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. विषाणूच अस्तराच्या पेशींचे वर्तन बदलून लॅक्टोबॅसिलसचे पोषण तोडत असावा, असे सुचविणारे संशोधनही आहे. म्हणजे राखणदार निघून गेला म्हणून चोर आला, की चोरानेच आधी राखणदाराची भाकरी पळवली, हा वाद अजून मिटलेला नाही. कदाचित दोन्ही खरे असेल. कर्करोगाचे मूळ कारण विषाणूच. जीवाणू हे त्याला साथ देणारे किंवा अडविणारे. सरमिसळ वस्ती असलेली प्रत्येक स्त्री रोगी आहे असेही नव्हे. त्या 396 जणी निरोगीच होत्या, हे विसरता कामा नये.

आता आपल्याकडे वळू. वैद्यकीय ग्रंथांत ज्याला जिवाणूजन्य योनिदोष म्हणतात त्याला आमच्या खेड्यांतील बायका ‘धुपणी’ म्हणतात किंवा ‘अंगावरून पांढरं जातं’ असे म्हणतात. धुपणी हा शब्द अर्थात ढोबळ आहे. त्यात साधा पांढरा स्राव, बुरशी, जीवाणू सगळेच येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एकदा एका मावशींना मी विचारले, की दवाखान्यात दाखवलेत का? त्या म्हणाल्या, “बाई, ते काय दुखणं हाय व्हय? बाईच्या जातीला असतंच की.” अंगावर जाणे आणि अंगावर काढणे यांतले अंतर आपल्या भाषेत एका क्रियापदाचे आहे. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापले. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्यापूर्वी कधीतरी तशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. ही पाहणी वाचून जगभरच्या तज्ज्ञांचे डोळे उघडले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वर्गात हा विषय घेतला तेव्हा मुलींना नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला सांगितले होते. सर्वांत अधिक चिठ्ठ्या स्वच्छतेबद्दल निघाल्या: साबणाने, डेटॉलने, बाजारातल्या सुवासिक द्रावणाने आतून धुवावे काय? उत्तर स्वच्छ आहे: नाही. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुणे पुरे. आत पाण्याचे फवारे मारणाऱ्या, औषधी द्रावण वापरणाऱ्या स्त्रियांत हा जिवाणूदोष अधिक आढळतो. विरजणाचे भांडे आपण रोज राखेने घासून ऊन देत बसलो तर दही कसे लागणार? दुसरी चिठ्ठी अपेक्षितच होती: मग दही खाल्ल्याने किंवा लावल्याने राखण परत येईल का? दही अवश्य खावे, पण ते पोटासाठी. दह्यातील जंतू आणि हे जंतू एकाच गोत्राचे असले तरी घर वेगळे. दह्याचे जंतू येथे वस्ती करीत नाहीत. मात्र खुद्द क्रिस्पॅटसचे ‘विरजण’ लावण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला आहे. आधी औषधाने जिवाणूदोष बरा करायचा, मग त्या जीवाणूची पूड आत ठेवायची. बारा आठवड्यांत ज्यांचा दोष उलटला त्या 30 टक्के. नुसती खोटी पूड दिलेल्यांत 45 टक्के. हा निष्कर्ष 2020 सालचा. आशादायक आहे, पण याने पॅपिलोमा विषाणू जातो किंवा कर्करोग टळतो असे त्यातून सिद्ध झालेले नाही. त्या नावाने कोणी गोळ्या-कॅप्सुले विकायला आले तर पैसे घट्ट धरून ठेवावेत.

एक चिठ्ठी मला विशेष आवडली. ‘औषध फक्त बाईनेच का घ्यायचे?’ इतकेच तिच्यात लिहिले होते. या प्रश्नाला 2025 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उत्तर दिले. जिवाणूदोष औषधाने बरा होतो आणि वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींत परत उलटतो, हा नेहमीचा अनुभव. त्यांनी एका गटात पतीला किंवा जोडीदारालाही पोटातून घेण्याचे व त्वचेला लावण्याचे औषध दिले. दोष उलटण्याचे प्रमाण केवळ स्त्रीवर उपचार केलेल्या गटात 63 टक्के, दोघांवर केलेल्या गटात 35 टक्के. फरक इतका ठळक होता, की प्रयोग मुदतीआधीच थांबविण्यात आला. व्हेरोनाच्या जोगिणींपासून जे बोट बाईकडे वळले होते, त्याला आता थोडे इकडेही वळावे लागेल.

राहता राहिला कर्करोग टाळण्याचा रोकडा मार्ग. त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि आमच्या विद्यार्थ्यांना तो सहसा ठाऊक नसतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, शेजारच्या बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने 1999 सालापासून 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर स्त्रियांचा समावेश असलेला प्रयोग झाला. एकदाच विषाणूची चाचणी केलेल्या गटात आठ वर्षांत या रोगाने 34 मृत्यू झाले. काहीच तपासणी न झालेल्या, काहीशा लहान गटात 64. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने तर वस्त्यांमधील साध्या आरोग्यसेविकांना शिकवून व्हिनेगरची तपासणी करविली. सौम्य ॲसेटिक आम्ल लावले की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. या तपासणीने मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे 2013 साली जाहीर झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांना तपासणीवाचून का ठेवले, अशी परखड टीका या दोन्ही प्रयोगांवर झाली आहे, आणि ती मला रास्त वाटते. 34 आणि 64 हे आकडे वाचताना त्या 64 घरांचाही विचार मनात यावा.

लसीच्या बाबतीत तर एका खंडित प्रयोगाने जगाला शहाणे केले. 2009 साली भारतात दोन की तीन मात्रा द्याव्यात हे ठरविण्यासाठी अभ्यास सुरू झाला. पुणे, मुंबई व बार्शी ही त्यातील केंद्रे. दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून वादळ उठले आणि 2010 साली सरकारने लस टोचणे थांबविले. हजारो मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही, आणि दहा वर्षांनी असे दिसले की 16 व 18 या प्रकारांच्या चिवट लागणीपासून एका मात्रेनेही 95 टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिले. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला त्यात या अभ्यासाचा मोठा हात होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीला परवानगी मिळाली. लस विषाणूला दाराबाहेर ठेवते. आत शिरलेल्याला ती घालवीत नाही. म्हणून ती मुलींना लहान वयात द्यायची, आणि ज्यांचे वय उलटून गेले त्यांनी तपासणी करून घ्यायची.

ज्यांच्यात विषाणू सापडतो त्यांपैकी कोणाला लवकर परत बोलवावे आणि कोणाला निर्धास्त घरी पाठवावे, हे जीवाणूंच्या वस्तीवरून ठरविता येईल काय, हा पुढचा प्रश्न संशोधकांनी हाती घेतला आहे. आज आपल्या रुग्णालयांत तशी चाचणी नित्याची नाही. विषाणूची चाचणी मात्र आहे, आणि तिच्यासाठी डॉक्टरांपुढे संकोचून झोपावेच लागते असेही नाही. स्त्रीने स्वतः घेतलेला नमुनाही चालतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 सालच्या आपल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. टोकाला मऊ बोळा असलेली काडी आत हळूच फिरवायची, नळीत ठेवायची, झाकण लावून द्यायची. आमच्या शिबिरातल्या त्या मावशींना ही काडी दाखविली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “एवढंच? मंग माझ्या सुनेला बी एक द्या.”